एका बाळासाठी रात्री जागायला माणसं हवी आहेत

सप्रेम नमस्कार,

गेल्या डिसेंबरात आपल्या मंडळाने ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या एका बाळाच्या ऑपरेशनसाठी हाक दिली होती. आठव्या दिवशी आम्हालाच फोन करून ‘आता पुरे, रक्कम जमली’ असं सांगावं लागलं. कुणी पेन्शनमधून दिले, कुणी नातवाच्या मुंजीतला आहेर पाकिटासकट आणून ठेवला. ऑपरेशन नीट झालं, जानेवारीत बाळ घरी आलं, आणि आम्ही कार्यकारिणीने काम झालं असं समजून फाइल बंद केली. ही आमची चूक झाली. ती मान्य करूनच आज पुन्हा आपल्याकडे आलो आहोत.

बाळाचं आणि घरच्यांचं नाव इथे देत नाही, आईवडिलांची तशी इच्छा आहे. ज्यांना घर माहीत आहे त्यांनीही ते फोनवर फिरवू नये, ही विनंती.

ज्यांना मागची हकीकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुलगी सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मली, वजन 900 ग्रॅम. फुप्फुसं तयार नव्हती, म्हणून कित्येक आठवडे नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावी लागली. त्या नळीनेच ती वाचली. पण इतके दिवस नळी राहिल्यामुळे स्वरयंत्राच्या जरा खाली व्रण धरला आणि श्वासाची वाट आक्रसली. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाचीसुद्धा ही वाट साधारण 5 मिलीमीटर रुंद असते. आतल्या बाजूने सगळीकडून एक मिलीमीटर सूज आली, तरी वाट निम्म्याहून कमी उरते. हिची तर जवळजवळ बंदच झाली होती. म्हणून गळ्याला पुढून छेद देऊन श्वासनलिकेत एक बारीकशी नळी बसवली. डॉक्टर त्याला ट्रेकिऑस्टोमी म्हणतात, घरात सगळे नुसतं ‘ट्रेक’ म्हणतात. आज ती अकरा महिन्यांची आहे, साडेसहा किलोची आहे, हसते, पालथी पडते, आजीचा चष्मा ओढते. श्वास मात्र त्या नळीतूनच घेते.

ही नळी कायमची नाही. वजन दहा किलोच्या आसपास गेलं की आक्रसलेली वाट मोठी करायचं ऑपरेशन करता येईल, असं दिल्लीचे डॉक्टर म्हणतात. बरगडीच्या कूर्चेचा लहानसा तुकडा घेऊन तो तिथे बसवतात. ते जमलं, की हळूहळू नळी काढायची. त्यांचा अंदाज आणखी दीड ते दोन वर्षांचा आहे. या दीड-दोन वर्षांत त्या घरात काय चालणार आहे, ते आम्ही डिसेंबरात आपल्याला सांगितलं नव्हतं, कारण आम्हालाच ते कळलेलं नव्हतं.

आपलं नाक हवा गाळतं, कोमट करतं, ओलसर करतं. या बाळाची हवा नाकातून जातच नाही. त्यामुळे कफ घट्ट होतो, नळीत अडकतो, आणि तो मशीनने ओढून काढावा लागतो. याला सक्शन म्हणतात. दिवसातून दहा-बारा वेळा, सर्दी झाली तर पंचवीस वेळासुद्धा. कफाचा एक गोळा नळीच्या तोंडाशी बसला तर हातात काही मिनिटंच असतात. आणि अशा वेळी कुठलंही बाळ जे करेल, ते हिला करता येत नाही. हवा स्वरयंत्राच्या खालूनच बाहेर पडते, वर पोचतच नाही. म्हणून रडण्याला आवाज नाही. नळीवर बसवायची बोलण्याची एक झडप मिळते, पण उच्छ्वासाला वरची वाट मोकळी असेल तरच ती लावता येते. हिला ती लावता येत नाही.

मे महिन्यात मी स्वतः एक रात्र त्या घरी काढली. कार्यवाह म्हणून हिशेब बघायला गेले होते, उशीर झाला आणि थांबले. दोन वाजून चाळीस मिनिटांनी लाइट गेली. कूलर थांबला तशी खोली एकदम शांत झाली, आणि त्या शांततेत चांदीचे वाळे वाजले. खुळ्‌ खुळ्‌ खुळ्‌, घाईघाईने. मी उठून बसेपर्यंत बाळाची आई पाळण्याशी पोचलेली होती. बॅटरीच्या उजेडात मला बाळाचा चेहरा दिसला. लालबुंद, तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, सगळं रडणं चेहऱ्यावर आणि खोलीत काहीच ऐकू येत नाही. नळीतून फक्त खरखर. आईने हात पुसले, नवी कॅथेटर, म्हणजे कफ ओढायची बारीक नळी, फोडली. किती आत घालायची त्याची खूण शेजारच्या पट्टीवर पेनाने केलेली होती. ती आत घातली, आणि काढताना ओठांतल्या ओठांत मोजायला लागली, ‘एक, दोन, तीन, चार, पाच’. पाचाच्या आत बाहेर. थोडा श्वास घेऊ द्यायचा. पुन्हा. तिसऱ्या खेपेला पिवळट गाठ आली आणि बाळाचा चेहरा सैल पडला. मग आईने फुलस्केप वहीत वेळ लिहिली, रंग लिहिला, ‘घट्ट’ असं लिहिलं, आणि मला म्हणाली, “ताई, तुम्ही झोपा. आता मला झोप येणार नाही.”

वाळ्यांची युक्ती आजींची. पहिले काही दिवस आई बाळाच्या छातीवर हात ठेवून झोपायची, म्हणजे झोपायचीच नाही. आजींनी स्वतःच्या पेटीतले, बाळाच्या बाबांचे लहानपणचे वाळे काढून घातले. आता मुलीला कळलंय की पाय आपटले की कुणीतरी येतं. भूक लागली तरी वाजवते, कंटाळली तरी वाजवते. तिची हाक आहे ती.

याच आजी चौसष्टाव्या वर्षी सक्शन शिकल्या. इस्पितळात बाहुलीच्या गळ्यातल्या नळीवर पंधरा दिवस सराव केला, नळी बदलायलाही शिकल्या. आठवड्यातून एकदा नळी बदलतात, आणि ते दोन माणसांचं काम आहे. एकाने धरायचं, एकाने बदलायचं. नाडा बांधताना गळा आणि नाडा यांच्या मध्ये एक बोट जाईल एवढीच ढील ठेवायची. आजी हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी जाऊन तिथल्या चिंचेचा पाला घेऊन आल्या. त्या पाल्याने गळा गोड होतो हे ग्वाल्हेरीत कोण जाणत नाही! बाळाला तो द्यायचा नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. देवघरात एका पुडीत बांधून ठेवलाय, नळी निघेल त्या दिवसासाठी.

आता पैशांचं.

आयुष्मान भारत योजनेत एका कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत इस्पितळातला खर्च मिळतो. योजना चांगली आहे आणि या कुटुंबाला तिचा उपयोग झाला. पण ती भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. घरी सोडल्यानंतर 15 दिवसांपर्यंतची औषधं तीत धरतात. सोळाव्या दिवसापासून कॅथेटर, सलाइनच्या कुप्या, नळीवर लावायचा हवा ओलसर ठेवणारा फिल्टर, नाडे, सुट्या नळ्या, सगळं घरचं. महिन्याला साधारण 14,000 रुपये. बाळाचे बाबा दाल बाजारात एका पेढीवर हिशेब लिहितात, पगार 22,000. आई शाळेत शिकवत होती, ती नोकरी सुटली. डिसेंबरच्या रकमेतून जे उरलं होतं ते एप्रिलमध्ये संपलं. मे महिन्यात आईने एकच कॅथेटर धुऊन, उकळून दिवसभर वापरायला सुरुवात केली होती. मी वही बघितली म्हणून मला कळलं, तिने आपणहून सांगितलं नाही.

म्हणून यावेळी आम्ही एकरकमी मोठी देणगी मागत नाही. कुणाला द्यायची असेल तर नाही म्हणणार नाही, पण आम्हाला हवी आहेत ती दरमहा 200 रुपये देणारी 70 घरं, नळी निघेपर्यंत. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. मध्येच थांबावं लागलं तर संकोच न करता कळवा, आम्ही दुसरं घर शोधू. न कळवता थांबू नका, कारण सामान महिन्याच्या हिशेबाने आणलेलं असतं. खातं वेगळं ठेवलं आहे, दर महिन्याची बिलं कार्यालयातल्या फळ्यावर लावू. ज्यांना आयकरातल्या सवलतीसाठी पावती हवी त्यांनी 2,000 रुपयांवरची देणगी चेकने किंवा खात्यावर द्यावी. तेवढी रोख रक्कम दिली तर तिच्यावर सवलत मिळत नाही.

याशिवाय वस्तू. पहिली गरज इन्व्हर्टरच्या बॅटरीची. मंडळाच्या कार्यालयातला इन्व्हर्टर आम्ही फेब्रुवारीतच त्यांच्याकडे नेऊन ठेवला, पण बॅटरी जुनी आहे, अर्ध्या तासात बसते. सक्शन मशीनची स्वतःची बॅटरी आहे, तीही फार टिकत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. दुसरी, पायाने दाबून चालवायचं एक साधं सक्शन मशीन. विजेशिवाय चालतं. आणि कुणाच्या घरी आजारी माणसासाठी घेतलेलं सक्शन मशीन किंवा नेब्युलायझर पडून असेल, तर ते कृपा करून भंगारात देऊ नका. ही उपकरणं मंडळाच्या नावावर राहतील, आणि या बाळाचं काम झालं की पुढच्या घराला जातील. लश्करात, कंपूत, मुरारमध्ये अशी आणखी घरं असणार. आपल्यापर्यंत ती पोचलेली नाहीत एवढंच.

दर तीन महिन्यांनी दिल्लीला दुर्बिणीची तपासणी असते. गाडीत बाळाबरोबर एक पिशवी असते, ती कुणाच्या हातात द्यायची नाही, वरच्या फळीवर ठेवायची नाही. तिच्यात त्याच मापाची एक नळी, एक माप लहान अशी दुसरी नळी, कात्री, नाडे, जेली, तोंडाऐवजी नळीला जोडून हवा द्यायची अंबू बॅग. दिल्लीत कुणा नातेवाइकांकडे तळमजल्याची एखादी खोली दोन-तीन रात्रींसाठी मिळू शकली, तर जरूर सांगा. धर्मशाळेत मागच्या खेपेला शेजारच्या खोलीत धूप चालू होता, आणि आई रात्रभर दाराला ओला पंचा लावून बसली होती.

आता जे सगळ्यात अवघड आहे ते मागते.

त्या घरात रात्री एक माणूस जागं असावंच लागतं. आई आणि आजी पाळ्या करतात, बाबा पहाटे चार ते सहा. पाच महिने झाले. आजींना रक्तदाब आहे. आई परवा दुपारी गॅससमोर उभ्याउभ्या झोपली आणि दूध उतू जाऊन गॅस विझला, तरी तिला कळलं नाही. पैसे कमी पडले तर आपण पुन्हा मागू. पण ही बाई आजारी पडली तर तिच्या जागी उभं राहू शकेल असं कुणीही नाही.

आम्हाला सहा माणसं हवी आहेत, आठवड्यातून एक रात्र, अकरा ते पाच. सक्शन तुम्ही करायचं नाही. तुम्ही फक्त जागं राहायचं, ऐकायचं, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरकडे बघायचं, आणि वाळे वाजले किंवा खरखर ऐकू आली की शेजारच्या खोलीतून आईला उठवायचं. तेवढ्यावर ती चार तास सलग झोपेल. तीन संध्याकाळी घरच्यांबरोबर बसून काय ऐकायचं, काय बघायचं ते शिकावं लागेल. निवृत्त मंडळींनी, विशेषतः ज्यांना तसंही रात्री झोप लागत नाही त्यांनी, जरूर विचार करावा. ज्यांना रात्र जमणार नाही त्यांनी दुपारचे दोन तास द्यावेत. दुपारी आणखी एक काम आहे. या वयात मुलं बा-बा-बा, दा-दा-दा करून स्वतःचाच आवाज ऐकत शिकतात. हिचं ते राहून गेलंय. तिच्याशी समोर बसून, ओठ दिसतील असं बोलत राहायचं, हातांनी खुणा करायच्या, गाणी म्हणायची. ती ऐकते सगळं, ठेक्याला पायही हलवते.

जनकगंजातल्या शेजाऱ्यांना वेगळी विनंती. गल्लीत पाला, कचरा जाळू नका. सध्या लू चालली आहे, धूळ पुरेशी आहे. थंडीत शेगड्या पेटतील तेव्हा त्या घराच्या खिडकीपासून दूर ठेवा. गणपतीत गुलाल त्या दारापुढे उधळू नका, मिरवणूक जरूर जाऊ दे, मुलीला ढोल आवडतो. आणि आई भेटली तर ‘दृष्ट काढलीस का’, ‘बोलेल ना नक्की’ असं विचारू नका. ती चैत्रातल्या हळदीकुंकवाला आली नाही, ती यामुळेच. ‘डबा पाठवू का’ असं विचारा. संध्याकाळच्या पोळ्या तरी त्या घराला मिळाल्या तर आजींची पाठ एक तास टेकेल.

नावं कार्यालयात रोज संध्याकाळी सहा ते आठ नोंदवता येतील. जागरणासाठी नाव देणाऱ्यांची पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी नऊला कार्यालयातच आहे, आजी स्वतः येऊन समजावून सांगणार आहेत. त्या घरी जाताना सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका, बरं वाटल्यावर जा. अंगाला पावडर, अत्तर नको, पूजा करून आलात तर कपडे बदला, उदबत्तीचा वासही चालत नाही. चपला काढल्या की डाव्या हाताला मोरी आहे. आधी साबणाने हात धुवा, आणि मग बाळाला हाक मारा. ती पाय वाजवून उत्तर देते.

कार्यकारिणीच्या वतीने,
कार्यवाह