सामायिक सूक्ष्मदर्शक कक्ष : नमुने पाठवण्याआधी वाचा

सर्व सदस्यांना नमस्कार. बीड, जालना, परभणीकडून शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला येतात, तेव्हा वाटेतले तासही मोजा. गाठ काढल्यावर तासाभरात मधोमध काप देऊन तिच्या दहापट, १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) बुडवा. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर, हर-२ (उपचार ठरवायला मदत करणारी, पेशींवरची प्रथिने) तपासायचे असेल तर फॉर्मेलिनमध्ये किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास.

गेल्या आठवड्यात एक गाठ अख्खीच आली. काप न दिल्याने फॉर्मेलिन आत पोचलं नव्हतं: कडा टणक, आतून लिबलिबीत. त्या ताईंच्या गाठीतून धड एक काप निघाला नाही, फार वाईट वाटलं. गाठ फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ चिठ्ठीवर पेन्सिलीनेच लिहा, शाई फॉर्मेलिनने पुसते.

कॉन्फोकलची (लेझरवर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची) पाळी वहीत आधी नोंदवा. तेलाची लेन्स लेन्सपेपरनेच पुसा, रुमाल लावू नका.