रद्दीवाल्या काकांना, एका पुस्तकाबद्दल

काका, नमस्कार.

तुमचं नाव आजवर विचारलं नाही, याची आता लाज वाटते. दर दोन महिन्यांनी नागपूरच्या इंदोऱ्यात आमच्या दारात तुमची हातगाडी थांबते, तराजू निघतो, भावावरून आईशी हुज्जत होते, बस.

उन्हाळ्याआधी माळा आवरताना आजोबांच्या ट्रंकेतले कागद मीच न बघता गठ्ठ्यात बांधून दिले. तीन दिवसांनी तुम्ही परत आलात. "हे रद्दीत नोका टाकू, बाई. आत शिपायाचा नंबर हाय." पैसे द्यायला गेले तर म्हणालात, "वजनात धरलंच नवतं."

तळहाताएवढं पुस्तक. टाचण्या गंजलेल्या, पाठीला सुतळीची शिवण. व्हिकर्स मशीनगनचं. मजकूर रोमन उर्दूत, म्हणजे अक्षरं इंग्रजी नि बोली हिंदुस्तानी. त्या काळी फौजेत तीच चालायची. समासात मात्र आजोबांची पेन्सिल, मराठीत. "पाणी 7 पाइंट." "पट्टा 250 गोळ्या, भिजू देऊ नये." 1946 च्या ऑक्टोबरात महार रेजिमेंट मशीनगनची रेजिमेंट झाली, तिचं केंद्र कामठीला उभं राहिलं. आजोबा तिथेच शिकले. घरी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

तेलकट बोटाचा सगळ्यांत गडद ठसा आहे तो बिघाडाच्या पानावर. गन अडली की बाजूचं हँडल कुठे थांबलंय ते आधी पाहायचं. चार जागा, प्रत्येकीचा उपाय वेगळा. ते वाचलं आणि मी मटकन खालीच बसले. कूलर बंद पडो की आजीची शिलाई मशीन अडो, आजोबांचं एकच: "आधी हँडल पाहा." कूलरला कुठलं आलंय हँडल! आम्ही पोट धरून हसायचो. टाकी भरल्याशिवाय बटणाला हात लावलेलाही त्यांना खपत नसे. व्हिकर्सच्या नळीभोवती पाणी भरलेलं असतं, गोळीबारात ती तापू नये म्हणून, हे आम्हाला कुठून कळणार?

तुम्ही तोलण्याआधी गठ्ठा चाळता म्हणून हे हाती आलं. खरंच आभारी आहे, काका.

शेवटची दोन पानं सुटलेली आहेत. सापडली तर बाजूला ठेवा. आणि आईने कबूल केलंय, पुढच्या वेळी भावावरून हुज्जत घालणार नाही. माझा विश्वास नाही, पण तिने कबूल केलंय.