रस्त्याकडेच्या मळ्यांची माती शिशासाठी तपासा : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मातीचा नमुना तपासायला दिला की शेतकऱ्याला नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब यांचे आकडे मिळतात. शिशाचा आकडा त्या अहवालात सहसा नसतो. वर्दळीच्या रस्त्यालगत भाजीपाला पिकवणाऱ्यांना तो मोफत मिळावा, एवढ्यासाठी हे पत्र.

शिसेमुक्त पेट्रोल आले आणि प्रश्न मिटला, असे आपण सगळ्यांनीच धरून चाललो. १९२०च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत असत. मोटारगाड्यांसाठीची त्याची विक्री जगात शेवटी बंद झाली ती २०२१ मध्ये, अल्जीरियात. पण इतक्या वर्षांच्या धुरातून रस्त्याच्या कडेला बसलेले शिसे कुठे जाणार? ते मूलद्रव्य आहे. कुजत नाही, विरत नाही, पावसाने फारसे खालीही उतरत नाही. मातीच्या वरच्या थरातच राहते, आणि भाजीची मुळे तिथेच असतात. रस्त्याला लागून त्याचे प्रमाण सर्वांत जास्त, आत जावे तसे झपाट्याने कमी.

मुळांतून मात्र शिसे वर फारसे चढत नाही. भाजीबरोबर पोटात जाते ते बरेचसे धुळीच्या आणि मातीच्या रूपाने: पानांवर बसलेली धूळ, पावसाच्या थेंबांनी उडालेले शिंतोडे, कंदाला चिकटलेली माती. म्हणून पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर यांची काळजी जास्त. टोमॅटो, वांगी, शेंगा यांची बरीच कमी. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकातही पालेभाज्यांसाठी शिशाची मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम आहे, फळभाज्यांसाठी ०.०५. भाजी नीट धुतली की पानांवरचे बरेच शिसे जाते, पण सगळे जात नाही.

मला काळजी आहे ती मुलांची. शिशाची अमुक मात्रा निर्धोक, असे सांगता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. पोटात गेलेले शिसे लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते, आणि घाव बसतो वाढत्या मेंदूवर. ते हाडांत वर्षानुवर्षे साठते; गरोदरपणात आईच्या हाडांतून पुन्हा रक्तात उतरते आणि बाळापर्यंत पोचते. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसे आणखी शोषले जाते. त्यामुळे घाबरून पालेभाज्याच बंद करणे हा उपाय नव्हे, आणि सरकारने तसा गाजावाजाही करू नये.

मळे उठवण्याची घाई तर मुळीच नको. ज्यांनी हे शिसे मातीत टाकले नाही, त्यांच्या पोटावर पाय का यावा? आकडा आधी त्यांच्या हातात द्या. प्रमाण थोडे वाढलेले असेल तर रस्त्याच्या बाजूला दाट झुडपांचे कुंपण लावता येते, पालेभाजी आत आणि फळभाजी कडेला घेता येते. कुजलेले खत भरपूर घातले आणि आम्ल मातीला चुना दिला की शिसे मातीतच बरेच जखडून राहते. प्रमाण फारच असेल तिथे स्वच्छ मातीचे उंच वाफे करावेत किंवा फुलशेतीकडे वळावे. तो खर्च मात्र शासनाने उचलावा.

आणखी एक. नमुना घेताना रस्ता आणि बांध यांच्या जवळची जागा टाळा, मग ठिकठिकाणची माती एकत्र मिसळा, असे शेतकऱ्याला शिकवले जाते. खताचा हिशेब करायला ते बरोबरच आहे. पण शिसे शोधायचे तर नेमका तोच पट्टा सुटतो. रस्त्याकडच्या पट्ट्यातल्या वरच्या थराचा नमुना वेगळा घ्यावा आणि त्यावर रस्त्यापासूनचे अंतर लिहावे, अशी सूचना आपल्या खात्याने पुढच्या हंगामाआधी काढावी, ही विनंती.

आपला नम्र,
भाजी विकत घेऊन मुलांना खाऊ घालणारा एक नागरिक