सही करायची घाई तुला नाही, त्याला आहे

पुणे, रविवार

प्रिय वैशू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. फोनच केला असता, पण फोनवर तू मला मधेच तोडतेस आणि कामाचं तेवढं राहून जातं, म्हणून सरळ लिहायला बसले. मान कशी आहे? भुवईवरच्या टाक्यांची खूण राहील म्हणून रडू नकोस. कॉलेजात चिंचेवरून पडलीस ती खूण आजवर कुणाला दिसली नाही.

नवले पुलाच्या उताराची धास्ती पुण्यात सगळ्यांनाच आहे. साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा सोडला की रस्ता नुसता खाली धावतो आणि खाली कोंडी असते. तुम्ही सगळे लग्नाला निघालेले, भाच्याने ब्रेक मारला आणि मागचा येऊन धडकला. जीव वाचले, बाकी सगळं निस्तरता येतं.

आता मुद्द्याचं. त्या गाडीवाल्याला अजून काहीही लिहून देऊ नकोस. आठ हजार घ्या आणि 'माझी काही तक्रार नाही, पुढे कसलीही मागणी करणार नाही' यावर सही द्या, असं तो म्हणतोय. माणूस बेइमान असेल असं नाही. आमच्या वकीलसाहेबांकडे असले कागद मी कितीतरी टाइप केलेत, बऱ्याचदा दोन्ही बाजू समाधानाने चहा पिऊन गेल्यात. पण अशी सही दुखणं संपल्यावर करायची असते, आणि तुझं संपलेलं नाही.

मनगटाचा एक्स-रे स्वच्छ आला, फक्त मुरगळलंय, असं म्हणालीस. पण लाटणं धरलं की अंगठ्याच्या बुडाशी कळ येते, हेही तूच म्हणालीस. अंगठा वर ताणून बघ, मनगटाशी एक छोटा खळगा पडतो. तिथे दाबल्यावर दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे परत जा. त्या खळग्याखाली स्कॅफॉइड नावाचं काजूसारखं हाड असतं. धडक बसताना पुढच्या सीटवर तळहात टेकवलास ना, त्यात ते चिरू शकतं, आणि ती चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढला तर दिसते. आमच्याकडच्या फायलींमुळे एवढं मलाही कळायला लागलंय.

आणि हाड चिरलं असेल तर कायदाच बदलतो. अस्थिभंग म्हणजे 'गंभीर दुखापत', आणि तिला मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक कुणाची हे सिद्ध न करताही 2,50,000 रुपये आहेत. नुसतं मुरगळलेलं असेल तर त्या कलमात काहीच नाही. 2018 पासून काही वर्षं किरकोळ दुखापतीलाही सरसकट 25,000 ठरलेले होते, पण ते जुनं कलमच 2019 च्या दुरुस्तीने काढलं आणि 1 एप्रिल 2022 पासून नवी तरतूद लागू झाली. म्हणजे तुझ्यासारख्या मुका मार बसलेल्या माणसाला कलम 166 चाच रस्ता उरला: समोरच्याचा हलगर्जीपणा दाखवायचा. तुला ते अवघड नाही. मागून धडक बसलीय आणि तू तर मागच्या सीटवर बसलेली, तुझी कसली चूक!

किरकोळ दुखापतीत मिळतं काय, तर सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्वच्छ सांगून ठेवलंय: औषधपाणी, येणंजाणं, खाणंपिणं यांचा खर्च, उपचारांच्या काळात बुडालेली कमाई, आणि वेदनांबद्दल काही रक्कम. बस. त्यामुळे लाखांची स्वप्नं दाखवणारा कुणी भेटला तर दारातूनच परत पाठव. दवाखान्यांच्या आवारात असे एजंट फिरतात, 'काही देऊ नका, निकालानंतर इतके टक्के' म्हणतात. वकिलाने असं टक्क्यावर काम घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही.

तुझी खरी अडचण बुडालेल्या कमाईची आहे. पोळीभाजी केंद्राला कुठली पगाराची स्लिप? पण तुझी ती डब्यांची लाल वही आहे ना, ती सोन्यासारखी जप. त्यातल्या अपघाताआधीच्या दोन-तीन महिन्यांच्या पानांची झेरॉक्स काढ. फोनवर पैसे येतात त्याचं बँकेचं स्टेटमेंट काढ. सध्या पोळ्या लाटायला ज्या मावशींना बोलावतेस त्यांना रोख देत असशील, तर दर आठवड्याला तारीख घालून पावतीवर त्यांची सही घे. बुडालेली कमाई म्हणजे नेमकी हीच, आणि बायका नेमकं हेच 'घरातलंच तर आहे' म्हणून सोडून देतात. मला या गोष्टीचा फार राग येतो.

दवाखान्याचा केसपेपरही बघ. त्यावर वाहन अपघाताची नोंद आणि एमएलसी (पोलीस-केस म्हणून दवाखाना करतो ती नोंद) नंबर हवा. नुसतं 'हात दुखतो' लिहिलं असेल तर आत्ताच विचारणा कर. मेडिक्लेममधून बिल मिळालं तर भरपाईतून कापतील, अशी तुझ्या दिरांना शंका आहे. ती सोडा. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवलंय की ते पैसे भरपाईतून वजा करायचे नाहीत, हप्ते तू भरलेस म्हणून.

पोलिसांनी 'नोंद घेतलीय' म्हणून तुम्हाला वाटेला लावलं, ते मला पटलेलं नाही. भाच्याला पाठवून एफआयआरची प्रत आणि समोरच्या गाडीच्या विम्याचा तपशील आणायला सांग. नियमाप्रमाणे पहिला अपघात अहवाल 48 तासांत ट्रिब्युनलला (अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण) आणि विमा कंपनीला जायला हवा, तो गेला का हेही त्याने विचारावं. दावा करायचाच झाला तर मुदत अपघातापासून सहा महिने धरून चाल. तो साताऱ्यातही करता येतो, राहत्या ठिकाणच्या ट्रिब्युनलपुढे. पुण्याच्या खेपा नकोत.

माझं मत विचारशील तर, हाड शाबूत निघालं तर तडजोडच कर. एवढ्याशा रकमेसाठी तारखा मोजत बसणं तुला परवडायचं नाही. पण आकडा त्याचा नको, तुझा हवा. बिलं, मावशींचे पैसे, बुडालेले डबे यांची बेरीज कर, वर दुखण्याचे म्हणून काही धर, आणि तेवढेच माग. आठ हजारांत बसत असेल तर घे आणि मोकळी हो. नसेल तर लोकअदालतीत विमा कंपनीसमोर बसता येतं, फक्त तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, हे आधीच माहीत असू दे.

गाडीवाल्याचा पुन्हा फोन आला तर एवढंच सांग, 'दुसरा एक्स-रे झाल्यावर बोलू.' केसपेपर आणि वहीची पानं मला फोटो काढून पाठव, बेरीज मी करून देते. तुझ्या बेरजेवर माझा आजही विश्वास नाही. आईंना नमस्कार सांग.

तुझीच,
ज्योती