नॉब फिरतोय का बघ

चिनू,

पोचलास का? मेसेजला नुसता अंगठा पाठवलास, म्हणजे पोचला असशील. काल स्टँडवर मी उगाच चिडले. "आई, मला येतं, व्हिडिओ बघितलाय" एवढंच तर म्हणालास, आणि मी रिक्षावाल्यासमोर आवाज चढवला. होस्पेटला उतरल्यावर काही खाल्लंस ना?

मला एवढंच सांगायचं होतं की कॅमेऱ्यात फिल्मचा रोल भरताना घाई करू नको. झोर्की ४ च्या खालच्या दोन चाव्या फिरवल्या की मागचं झाकण अख्खं हातात येतं, आणि उजवीकडची रिकामी रीळ पण सुटीच असते, ती हंपीच्या त्या दगडांत पडली तर कुठे शोधणार. म्हणून खोलीतच भर, उन्हात नको. फिल्मची जीभ रिळीत नीट खोच, भोकं दात्यांवर बसलीत का ते बोटाने चाचपून बघ, एकदा वाइंड कर, मगच झाकण लाव. मग डावीकडचा रिवाइंडचा नॉब बाणाच्या दिशेने हळूहळू फिरव, ताण लागला की थांब. पहिल्या दोन फ्रेम फुकट जाऊ दे, पण वाइंड करताना तो नॉब उलटा फिरतोय का बघ. नाही फिरला तर फिल्म जागची हललेलीच नाही.

१९९८ ला अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, तू पोटात होतास. हा कॅमेरा मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा म्हणून ते किती कौतुकाने सांगायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, आणि त्या दिवशी आपणहून माझ्या हातात दिला. गुरुजी येऊन बसलेले, मी गडबडीत रोल भरला. ओवाळणी, वन्संच्या मांडीवर बसलेली सोनू, अण्णा चक्क हसले तो क्षण, सगळं काढलं. आकडा ३६ झाला, ३७, ३८, तरी वाइंड होतच होतं आणि मला शंकासुद्धा आली नाही. स्टुडिओत धुतलेली पट्टी उजेडात धरली तर काचेसारखी कोरी. अण्णा म्हणाले, असू दे गं. दिवाळीच्या आत गेले ते. हॉलमधला फोटो पेन्शनच्या कागदांवरचा मोठा केलेला आहे, त्यात ते हसत नाहीत.

आणि शटरचा स्पीड बदलायचा तो वाइंड केल्यावरच, आधी नाही. लेन्सचं झाकण काढलंय ना ते दरवेळी बघ, व्ह्यूफाइंडरमधून कळत नाही ते, सगळं स्वच्छच दिसतं. लेन्स उन्हाकडे उघडी ठेवू नको, आतला पडदा कापडी आहे, त्याला भोक पडतं. मातंग टेकडीवर पहाटे जाणार म्हणालास, एकटा जाऊ नको. बघ, परत सुरू झाले मी. सॉरी रे.

तुला येतं, मला माहितीये. आजी चुलीपुढे बसलेली असताना तू काढलेला तो फोटो, फक्त हात आणि राख, तो मी अजून रोज बघते. अण्णांनी बघायला हवा होता. म्हणून तर जीव लागतो, की तू एवढं मन लावून बघशील आणि फिल्म आत नुसती पडून राहील.

नॉबवर मी तू झोपलेला असताना लाल नेलपॉलिशचा एक ठिपका लावलाय, म्हणजे फिरताना दिसेल. चिडू नको. पुसावासा वाटला तर हा रोल संपल्यावर पूस.

आई