पुतळा कोणाचा, आणि बसवला केव्हा?

रविवार पुरवणीत लंडनच्या पुतळ्यांवरील लेख वाचला. छायाचित्रे उत्तम आहेत, पण प्लासीची लढाई जिंकून बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीची सत्ता रुजवणाऱ्या रॉबर्ट क्लाइव्हच्या पुतळ्याखाली ‘कंपनी सरकारच्या काळातील’ अशी ओळ आहे. ती दुरुस्त करायला हवी. क्लाइव्ह वारला १७७४ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनी पुरती गुंडाळली गेली १८७४ मध्ये, आणि जॉन ट्वीड यांनी घडवलेला हा ब्राँझचा पुतळा उभा राहिला १९१२ मध्ये. माणूस गेल्यावर तब्बल १३८ वर्षांनी!

तेव्हाच क्लाइव्ह का आठवला, हे पाहिल्याशिवाय हा पुतळा कळत नाही. १९०७ हे प्लासीच्या लढाईचे दीडशेवे आणि सत्तावनच्या उठावाचे पन्नासावे वर्ष. बंगालच्या फाळणीमुळे स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ पेटली होती. १९०८ मध्ये लोकमान्यांना मंडालेला धाडले गेले. त्याच वर्षी खुद्द लंडनमध्ये, हायगेट भागातल्या इंडिया हाउस या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, सावरकर आणि त्यांचे सहकारी सत्तावनचा स्मृतिदिन पाळत होते. अशा वेळी फाळणी करून मायदेशी परतलेले लॉर्ड कर्झन क्लाइव्हच्या स्मारकासाठी झटत होते. वर्गणी जमवली गेली. त्यांच्यानंतरचे व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांना मात्र हे भारतीय लोकांना विनाकारण डिवचणे वाटले. म्हणजे साम्राज्यवाद्यांमध्येही याबाबत एकवाक्यता नव्हती.

चौथऱ्यावरचे उठावशिल्पांचे तीन फलक जवळ जाऊन पाहावेत. पहिला १७५१ च्या अर्काटच्या वेढ्याचा, दुसरा १७५७ मध्ये प्लासीच्या आदल्या रात्री आमराईत थांबलेल्या क्लाइव्हचा, तिसरा १७६५ मध्ये अलाहाबादेत बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, स्वीकारण्याचा. शौर्य, चिंतन, सनद! बंगालच्या नवाबाचा सेनापती मीर जाफर याच्याशी झालेला गुप्त करार, १७६९-७० चा बंगालचा भीषण दुष्काळ, १७७३ मध्ये ब्रिटिश संसदेत क्लाइव्हच्या संपत्तीवरून झालेली झाडाझडती, यांपैकी कशालाही तिथे जागा मिळालेली नाही. आधी व्हाइटहॉलमधील ग्विडिर हाउसच्या बागेत असलेला पुतळा १९१६ मध्ये किंग चार्ल्स स्ट्रीटच्या टोकाला, पायऱ्यांच्या माथ्यावर, आणला गेला. शेजारची इमारत तेव्हाच्या इंडिया ऑफिसची. भारताचा कारभार जिथून चालायचा, त्याच्या दारातच!

याउलट ट्रॅफल्गर चौकातला हॅवलॉक, सत्तावनच्या उठावाविरुद्ध लढलेला ब्रिटिश सेनानी. तो १८५७ च्या नोव्हेंबरात लखनऊला वारला आणि १८६१ मध्ये त्याचा पुतळा उभाही राहिला. तिथे ताज्या विजयाचा उन्माद आहे, क्लाइव्हच्या पुतळ्यात हातचे निसटण्याची धास्ती. दोघांना एकाच ‘वसाहतकालीन’ या शब्दात कोंबले की हा फरक पुसला जातो.

लेखात कॉन्स्टिट्यूशन हिलवरील मेमोरियल गेट्सचा उल्लेखच नाही, याचे वाईट वाटले. भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधून दोन महायुद्धांत लढलेल्या सैनिकांचे हे स्मारक २००२ मध्ये खुले झाले. तिथल्या छत्रीत, म्हणजे घुमटाच्या छोट्या मंडपात, शिरल्यावर मान वर करावी लागते, कारण व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस ही ब्रिटिश शौर्यपदके मिळवणाऱ्यांची नावे छताच्या आतल्या बाजूला कोरली आहेत. इटलीच्या रणांगणावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे (१९४४, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (१९४५) ही आपली माणसे. युद्ध संपल्यावर या स्मारकाला ५७ वर्षे लागली.

पुढील भागांत प्रत्येक पुतळ्याखाली व्यक्तीच्या जन्ममृत्यूच्या सालांबरोबर पुतळा बसवल्याचे साल आणि पैसे कोणी दिले, एवढे दोन तपशील जरूर छापावेत.

– इतिहासाचा एक अभ्यासक, पुणे