पचनाची कॅप्सूल कॅन्सरचे औषध म्हणून विकली जात आहे : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यात माझे औषधांचे दुकान आहे. स्वादुपिंडातल्या अन्न पचवणाऱ्या एन्झाइमची, म्हणजे पॅनक्रिएटिनची चौकशी करायला माझ्याकडे दोन तऱ्हेचे लोक येतात. काहींच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते. बाकीच्यांच्या हातात मोबाइल असतो आणि त्यावर ‘एन्झाइममुळे कॅन्सरची गाठ विरघळते’ असे छातीठोकपणे सांगणारा व्हिडिओ. हे पत्र या दुसऱ्या लोकांसाठी आहे.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा परदेशी बनावटीची डबी घेऊन आला. वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर, केमो अर्ध्यावर सोडलेली. डबी ऑनलाइन मागवलेली. हीच गोळी तुमच्याकडे स्वस्तात मिळेल का, एवढेच त्याला विचारायचे होते. मी डबी फिरवून पाहिली. हे उत्पादन कोणत्याही रोगाचे निदान वा उपचार करण्यासाठी नाही, असे मागे बारीक इंग्रजी अक्षरांत छापले होते. घटकांमध्ये डुकराचे स्वादुपिंड. वडील माळकरी, घरात कुणालाच याचा पत्ता नव्हता. गोळ्या ते उपाशीपोटी घेत होते, कारण व्हिडिओत तसे सांगितले होते. जेवणाबरोबर घेतल्या तर एन्झाइम अन्न पचवण्यातच खर्ची पडतात, रिकाम्या पोटी घेतल्या तर गाठीपर्यंत पोचतात म्हणे.

महोदय, मला सगळ्यात जास्त लागले ते हे. त्या माणसाला पॅनक्रिएटिनची खरोखरच गरज असण्याची दाट शक्यता होती. स्वादुपिंडात गाठ झाली किंवा शस्त्रक्रियेत त्याचा भाग काढला, की पाचकरस आतड्यात पुरेसा उतरत नाही. खाल्लेले तेल-तूप न पचता बाहेर पडते, शौचाला तेलकट आणि घाण वासाचे होते, आणि माणूस जेवत असूनही दिवसेंदिवस वाळत जातो. अशा रुग्णाला डॉक्टर पॅनक्रिएटिन देतात, पण ते पहिल्या घासाबरोबर आणि जेवता जेवता घ्यायचे. पाकिटावर १०,०००, २५,००० असे आकडे असतात ते लायपेजच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थ पचवणाऱ्या एन्झाइमच्या युनिटचे. त्यावरून मात्रा ठरते. जठरातल्या आम्लात लायपेज नष्ट होऊ नये म्हणून आतल्या दाण्यांवर आवरण चढवलेले असते. अन्नात मिसळून ते पचवायचे, हेच या औषधाचे काम. उपाशीपोटी घेतले तर ते काम होत नाही आणि गाठ तर हलतही नाही. चार घास अंगी लागले असते, तेही गेले.

एन्झाइमने कॅन्सर बरा होतो ही कल्पना कुणी तपासलीच नाही, असेही नाही. एडिंबरामधील जॉन बिअर्ड यांनी १९०६च्या सुमारास ट्रिप्सिन या स्वादुपिंडातल्या एन्झाइमने कॅन्सर आटोक्यात येईल असे मांडले. पुढे अमेरिकेत डोनाल्ड केली या दंतवैद्याने आणि नंतर न्यूयॉर्कच्या डॉ. निकोलस गोंझालेझ यांनी ती उचलून धरली. एन्झाइमच्या गोळ्या, विशिष्ट आहार आणि कॉफीचा एनिमा, असा गोंझालेझ यांचा उपचार होता. त्यांनी १९९९ मध्ये ११ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ते आशादायक दिसले. म्हणून तिथल्या सरकारी संस्थांनी पैसा दिला आणि कोलंबिया विद्यापीठात स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या ५५ रुग्णांवर अभ्यास झाला. उपचार रुग्णांनी स्वतः निवडले : ३२ जणांनी एन्झाइम, २३ जणांनी केमो. निष्कर्ष २००९ मध्ये आले. केमो घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १४ महिने, एन्झाइम घेणाऱ्यांचे ४.३ महिने. रोजचे जगणेही केमोच्या गटातच जास्त सुसह्य होते. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते ही या अभ्यासाची मर्यादा खरी, आणि गोंझालेझ यांनी त्यावर आक्षेपही घेतले. तरीही एवढा मोठा फरक पाहिल्यावर हा उपचार कुणाला सुचवण्याचे धाडस मला तरी होणार नाही. व्हिडिओत मात्र ११ रुग्णांची गोष्ट असते, ५५ रुग्णांची नसते.

तुमच्या हातात कायदा आहे. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ च्या अनुसूचीत कॅन्सरचे नाव स्पष्ट आहे. त्यावर इलाज म्हणून कशाचीही जाहिरात करणे गुन्हा आहे. जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टनापासून ध्वनी-प्रकाशाने केलेल्या घोषणेपर्यंत सगळे येते, म्हणजे मोबाइलवरचा व्हिडिओही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. राज्य सरकारने अधिकार दिलेला राजपत्रित अधिकारी झडती घेऊ शकतो, माल जप्त करू शकतो. तक्रार आल्यावर बघू, असे कृपया म्हणू नका. अशा उपचारात माणूस गेल्यावर घरचे लोक आपल्याच नशिबाला बोल लावतात. पोलीस ठाण्याची किंवा तुमच्या कार्यालयाची पायरी कुणी चढत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आहाराने कॅन्सर बरा झाल्याचा दावा देशभर गाजला, तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी एकत्र येऊन निवेदन काढले. डॉक्टरांनी आपले काम केले. झडती घेण्याचा, माल जप्त करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही, तो तुमच्या विभागाकडे आहे.

म्हणून विनंती अशी, की विभागाने स्वतःहून हे व्हिडिओ आणि विक्रीची पाने तपासावीत आणि निदान काही प्रकरणे न्यायालयापर्यंत न्यावीत. नुसत्या नोटिशीने पान एका नावाने बंद होते आणि दुसऱ्या नावाने उघडते. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या एन्झाइमच्या डब्यांवर घटक कोणत्या प्राण्यापासून घेतला ते मराठीत ठळक लिहायला लावण्यासाठी केंद्राकडे पाठपुरावा करावा. आरोग्य मंत्र्यांशीही एकदा बोलावे : ज्यांना पॅनक्रिएटिनची खरी गरज आहे त्यांना ते जिल्हा रुग्णालयात मिळावे आणि ‘जेवणाबरोबर घ्यायचे’ हे रुग्णाला समजेल अशा भाषेत पाकिटावर लिहून द्यावे.

माझ्याकडे आलेल्या व्हिडिओंच्या लिंक आणि डब्यांच्या लेबलांचे फोटो मी जपून ठेवले आहेत. ते कोणत्या अधिकाऱ्याकडे द्यायचे, तेवढे विभागाने जिल्हावार जाहीर करावे. मी त्याच दिवशी नेऊन देईन.

कळावे,
आपला नम्र,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट, सातारा जिल्हा